बाहेरचा कोड आत घेताना
रविवारी आमच्या सांगलीतल्या घरी, विश्रामबागेत, इंजिनिअरिंगची काही मुलं येतात आणि आम्ही रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कंपायलरचा सोर्स वाचतो. परवा एकीने विचारलं, "दादा, कार्गो डॉट टॉमलमध्ये एक ओळ घातली की क्रेट आलं ना?"

क्रेट म्हणजे रस्टचं तयार पॅकेज, आणि कार्गो डॉट टॉमल म्हणजे प्रोजेक्टला कुठली क्रेट्स हवीत ते सांगणारी फाईल. आपल्या छोट्या प्रोजेक्टमध्ये येतं. कंपायलरमध्ये मात्र टायडी आडवं येतं. कंपायलरला चालणाऱ्या क्रेट्सची यादी या तपासणीच्या साधनातच लिहिलेली आहे. तुमच्या क्रेटने मागून ओढून आणलेली क्रेट्ससुद्धा त्या यादीत हवीत, लायसन्सही बसायला हवं. नाहीतर सीआय, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणारी यंत्रणा, लाल. म्हणून मी तिला आधी 'कार्गो ट्री' चालवायला लावलं, कुठलं क्रेट कुणाला ओढून आणतं ते त्यात दिसतं. यादीत नाव घालायचं तर तो बदल रिव्ह्यूमध्ये माणसाच्या नजरेखालून जातो, आणि हेच मला मनापासून पटतं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाईल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोअर, म्हणजे लपवलेला चोरदरवाजा, सापडलं; ते चालू करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, फक्त टारबॉलमध्ये, म्हणजे वाटायला बांधलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यात, होती. त्यानंतर तरी 'वापरतात सगळे' हे कारण पुरेसं मानू नये.

एलएलव्हीएमची, म्हणजे रस्ट ज्याच्याकडून मशीन कोड बनवून घेतं त्या बाहेरच्या प्रोजेक्टची, तऱ्हा निराळी. त्याचा रस्टचा स्वतःचा फोर्क (वेगळी ठेवलेली प्रत) सबमॉड्यूल म्हणून, म्हणजे वेगळ्या रिपॉझिटरीकडे बोट दाखवून, एका ठरावीक कमिटला बांधलेला असतो. दुरुस्ती शक्यतो आधी मूळ एलएलव्हीएमकडे पाठवायची, मग फोर्कमध्ये आणायची. वेळ लागतो, पण फोर्क मूळापासून भरकटत नाही. (जुना लॅपटॉप असेल तर एलएलव्हीएम घरी बिल्ड करू नका, सीआयने केलेलं तयार उतरवता येतं.) क्लिपी, म्हणजे रस्टच्या कोडमधल्या चुका दाखवणारं साधन, मात्र सबट्री आहे, म्हणजे त्याचा कोड कंपायलरच्याच रिपॉझिटरीत असतो, त्यामुळे कंपायलरमधला बदल आणि क्लिपीतली दुरुस्ती एकाच पुल रिक्वेस्टमध्ये जाते.