१६० मिमी थ्री-जॉ चक: १४०० आरपीएमला जॉब का फिरला

मागच्या नोंदीत लेथच्या व्हीएफडीची (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) कमाल फ्रिक्वेन्सी ७० हर्ट्झ केली होती, म्हणजे पट्ट्याच्या वरच्या पुलीवर स्पिंडल १४००. त्या वेगाला पहिलाच ॲल्युमिनियम ब्लँक चकच्या जॉमध्ये, म्हणजे जॉब धरणाऱ्या तीन जबड्यांत, गरकन फिरला. उडाला नाही, पण जॉमध्ये धरलेल्या २५ मिमीच्या बॉसवर (मधल्या गोल उंचवट्यावर) तीन चकचकीत ओरखडे उठले आणि कापणाऱ्या इन्सर्टचं टोक गेलं. चक जुना, बीडाचा, आरपीएमचा आकडा कुठेच नाही. त्यामुळे पहिला संशय वेगावर.

हिशेब मात्र वेगळंच सांगतो. एक जॉ काट्यावर ३५० ग्रॅम, गुरुत्वमध्य केंद्रापासून ५० मिमीवर. १४०० ला प्रत्येक जॉ ३७६ न्यूटनने बाहेर ओढला जातो, तिन्ही मिळून साधारण ११३०. २००० ला हेच २३००, कारण बल वेगाच्या वर्गाने वाढतं. चकचा परिघ १४०० ला सेकंदाला ११.७ मीटर धावतो. निव्वळ फिरण्याने बीडाच्या कड्यात येणारा ताण जेमतेम १ एमपीए, आणि एफजी २०० बीडाची ताणशक्ती २०० एमपीए. म्हणजे अखंड बॉडी नुसत्या वेगाने फुटणार नाही. धोका जॉच्या खाचांच्या कोपऱ्यात, तिथे आवळण्याचा ताण साठतो. तिथे रॉकेल लावलं, कोरडं पुसलं, वर खडू फासला. तडा असता तर खडूवर ओली रेघ उमटली असती. तिन्ही खाचा कोरड्या निघाल्या.

मग पकड मोजली, आणि सगळा वेळ त्यातच गेला. ४० मिमी ब्राइट बार चकमध्ये, जॉपासून ६० मिमीवर आरपार भोक, त्यातून १६ मिमीची सळई. दोन्ही बाजूंना सारखी ठेवली की सळईचं स्वतःचं वजन हिशेबातून जातं. बॅक गिअर आणि बुल गिअरची पिन एकदम लावून स्पिंडल जाम केला. बारच्या मध्यापासून ५०० मिमीवर बादली, तीही मागच्या बाजूला, म्हणजे जोर कटिंगच्याच दिशेने येतो आणि स्पिंडलच्या आट्यांवर बसवलेला चक सुटत नाही. जॉ आणि बारवर एकच सरळ रेघ मारली. चावीऐवजी टॉर्क रेंचने ६० न्यूटन-मीटर आवळलं आणि बादलीत मगाने पाणी ओतत गेलो. बादलीसकट ९ किलोला रेघ तुटली. ४४ न्यूटन-मीटर. घर्षण ०.२ धरलं तर एकूण पकड ११ किलोन्यूटन.

चक खोलला तेव्हा कारण समोर आलं. स्क्रोलच्या, म्हणजे तिन्ही जॉ एकदम सरकवणाऱ्या चकतीच्या, सर्पिल आट्यांत पिवळ्या ग्रीसची सुकलेली पुटं आणि त्यात रुतलेला बीडाचा कीस. बेअरिंगचं साधं ग्रीस इथे घालूच नये. दाबाखाली ते आट्यांमधून निसटतं आणि कीस धरून ठेवतं. रॉकेल, पितळी ब्रश, मग मोली (मॉलिब्डेनम डायसल्फाइड) पेस्टचा पातळ थर स्क्रोल, पिनियन (चावीने फिरणारं छोटं गिअर) आणि जॉच्या दातांवर. तोच टॉर्क, तीच बादली: रेघ तुटली १७ किलोला. पकड जवळपास २१ किलोन्यूटन, चावीवर जास्तीचा जोर न लावता. चावीला पाइप लावणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा कराच.

आता त्या ब्लँकचा, म्हणजे त्यातून होणाऱ्या पुलीचा हिशेब. कट २.५ मिमी, फीड ०.२५, कटिंग फोर्स साधारण ४७० न्यूटन, व्यास ९०: टॉर्क २१ न्यूटन-मीटर. कोरड्या स्क्रोलने २५ मिमीच्या बॉसवर, अपकेंद्री बल वजा करून, धरलं जात होतं २५. एवढ्याशा फरकात थोडा चॅटर (कापताना येणारी थरथर) आला की जॉब फिरणारच. मोली पेस्टनंतर तेच ४९. वेग १४०० वरून १००० वर आणला असता तरी कोरड्या चकमध्ये जेमतेम १.४ न्यूटन-मीटर वाचला असता.

तरीही या चकला मर्यादा १२०० ठेवतो आहे, ६० हर्ट्झवर कुलूप. आकडा न छापलेल्या बीडावर त्यापुढे जाण्याचं कारण नाही. जॉ बॉडीबाहेर डोकावले की गुरुत्वमध्य बाहेर सरकतो आणि स्क्रोलमध्ये दात कमी उरतात, तेव्हा ५००. चक आट्यांचा असल्याने डिसेलरेशन (वेग उतरून थांबण्याचा वेळ) १० सेकंद. झटक्यात थांबवला की सुटतो.

मूळ बेत हलक्या ॲल्युमिनियम सॉफ्ट जॉचा होता, पण या चकचे जॉ एकसंध आहेत, वरचा भाग बदलता येत नाही. लिहिता लिहिता दुसरंच सुचतंय: २० मिमीपर्यंतचा माल ईआर३२ कोलेट चकमध्ये (माल चहूबाजूंनी आवळणारी चिरा असलेली बाही) धरायचा, तिथे बाहेर ओढले जाणारे जॉच नाहीत. त्याला ८० हर्ट्झ. पण थ्री-जॉ बसवून चुकून ८० हर्ट्झवर चालवलं तर? व्हीएफडीच्या कंट्रोल इनपुटवर किल्लीचा स्विच बसवायचा, किल्ली लावली तरच ८० हर्ट्झ, आणि त्याची किल्ली ईआर३२ च्या पान्यालाच साखळीने बांधायची. स्विच मागवला आहे. तोवर फोर-जॉचे जॉ तोलून ठेवतो, ते प्रत्येकी अर्ध्या किलोच्या वर आहेत.