सांध्यावर सांधा

वेचणीच्या दिवसांत आमच्या सहावीच्या वर्गात निम्मीच पोरं असतात. बाकीची आईसोबत कापसात. अशाच एका शनिवारी, सकाळच्या शाळेत, मी कपाटातून लेगोची, म्हणजे एकमेकींत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटांची, पेटी काढली. गावातून पुण्याला गेलेल्या एका इंजिनिअरनं मुलाची जुनी खेळणी शाळेला पाठवली, त्यातली ही. खोक्यावर इंग्रजी अमदानीतला बंदरावरचा मुसाफिरखाना: खाली खाणावळ, वर लाकडी गॅलरी, धक्क्यावर यारी. जोडणीचं पुस्तक अर्धं फाटलेलं.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही. "तिथं मुक्कामाले कोण येते जी?" पहिला प्रश्न हाच. मग कापसावरूनच सांगितलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्याकडच्या कापसाची गरज पडली. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. शिडाची जहाजं वाऱ्यासाठी बंदरात खोळंबायची, म्हणून खलाशांना असे मुसाफिरखाने लागत. मधल्या सुट्टीत एक पोरगी घरून मूठभर कापूस घेऊन आली, सरकीसकट. धक्क्यावर गाठी रचल्या गेल्या.

भिंत मी लावत होतो. सहा थर झाले, उचलून टेबलावर ठेवायला गेलो आणि मधोमध उभी फाटली. मागच्या बाकावरचा मिस्त्र्याचा पोरगा उठून आला. "सर, सांध्यावर सांधा आला जी. माहे बाबा असं कधीच नाही लावत." त्यानं सगळे थर सोडवले, दर दुसऱ्या थराला अर्ध्या विटेनं सुरुवात केली, कोपऱ्यात एकदा या भिंतीची वीट आत घेतली, एकदा त्या भिंतीची. दाराच्या वर लांब वीट आडवी टाकली, दोन्ही बाजूंना टेकू राहील अशी. पुस्तकाकडे त्यानं पाहिलंही नाही.

खरी गोष्ट पुढची. खिडकीशेजारी दोन बटणांएवढी (बटण म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा) फट राहिली आणि तिथं बसेल अशी वीट संपली होती. त्याला कुठूनतरी बाजूच्या अंगाला बटण असलेली एक वीट सापडली. फटीच्या कडेची वीट काढून त्यानं ती तिथं बसवली आणि तिच्या बाजूच्या बटणावर चपट्या पट्ट्या आडव्या रचायला घेतल्या, बोटानं चाचपत. चार लावल्यावर अंतर उरलं. पाचवी गुळगुळीत, बिनबटणाची लावली आणि फट बंद झाली. नखही शिरेना.

मी मोजपट्टी घेऊन बसलो. चपट्या तुकड्याची जाडी ३.२ मिलिमीटर, अशा तीन मिळून एक वीट, ९.६. बटणापासून बटण ८. पाच पट्ट्या म्हणजे १६, दोन बटणं म्हणजेही १६. मी आठवडाभर दशांश अपूर्णांकांचा गुणाकार शिकवत होतो. या पोराच्या वहीत त्यातलं एकही उदाहरण बरोबर नव्हतं.

वाचनाच्या तक्त्यात प्रत्येक पोर एका रकान्यात बसवावं लागतं. याच्या नावापुढे 'शब्द' लिहिलं आहे, म्हणजे वाक्य वाचता येत नाही. अक्षर माझं आहे. हाताला काय कळतं, यासाठी रकाना नाही आणि असला तरी तो कसा भरायचा ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

बुधवारी साहेब भेटीला आले. मुसाफिरखाना पाहून म्हणाले, "याचा अभ्यासक्रमाशी संबंध काय?" मी पाच पट्ट्यांचं गणित फळ्यावर मांडलं. ते खूश झाले, शेरेबुकात चार चांगल्या ओळी लिहिल्या, माझ्या नावानं. मग शेजारी उभ्या याच पोराच्या हातात पुस्तक देऊन म्हणाले, "वाच." तो दुसऱ्या शब्दावर अडकला. कान लाल झाले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला एवढंच बोलायचं होतं, की आत्ता मांडलेलं गणित याच्या बोटांतून आलंय. मी खाली पाहिलं.

गाडी गेल्यावर तो धक्क्यापाशी येऊन कापसाच्या गाठी सरळ करत राहिला. मग म्हणाला, "सर, ते सोळा कसे आले, मले पुन्हा दाखवा न जी."

मी पुन्हा मांडून दाखवलं. युक्ती तुझी होती, हे वर्गासमोर अजून बोललेलो नाही.