दीड टक्क्यांची माणसं

"इटली म्हटलं की लोकांना मुसोलिनी आठवतो, नाहीतर माफिया. तुम्ही मात्र त्या दीड टक्का मतं मिळवणाऱ्या उदारमतवादी पक्षांचंच वाचत असता. का हो?" हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की एकदा नीट उत्तर द्यावं म्हटलं.

आपली इटलीशी ओळख मॅझिनीपासूनची, इटली एक व्हावी म्हणून झटलेल्या क्रांतिकारकापासूनची. सावरकरांनी १९०७ साली त्याचं आत्मचरित्र मराठीत आणलं. पण इटली एक झाली की आपण ती गोष्ट मिटवून ठेवतो. मॅझिनीला प्रजासत्ताक हवं होतं, मिळाला राजा. तो राजा जायला १९४६ उजाडलं. मधली वर्षं कोणी तगून काढली, हे मला शोधायचं होतं.

तिथे भेटला पिएरो गोबेत्ती. तुरिनचा हा मुलगा. १९२२ साली, वयाच्या विसाव्या वर्षी त्याने 'उदारमतवादी क्रांती' या नावाचं साप्ताहिक काढलं. उदारमतवाद म्हणजे पैसेवाल्यांची राखण, हे त्याला मुळीच मान्य नव्हतं. तुरिनच्या कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले तेव्हा त्याला तिथे स्वातंत्र्याची नवी ताकद दिसली. मुसोलिनीच्या फॅसिस्टांनी त्याला बेदम मारलं. १९२६ च्या फेब्रुवारीत तो पॅरिसला गेला आणि काही दिवसांतच वारला. पंचविशीही गाठली नव्हती.

पुढे फॅसिस्टांचा दुसरा विरोधक कार्लो रोस्सेल्ली लिपारी बेटावरच्या नजरकैदेतून निसटला, १९२९ मध्ये पॅरिसला 'न्याय आणि स्वातंत्र्य' ही संघटना उभी केली. १९३७ साली फ्रान्समध्ये त्याचा आणि त्याच्या भावाचा खून झाला. याच परंपरेतला 'कृती पक्ष' नाझींविरुद्ध हत्यार घेऊन लढला. त्याचे फेर्रुच्चो पार्री १९४५ मध्ये पंतप्रधानही झाले. आणि १९४६ च्या निवडणुकीत पक्षाला मिळाली जेमतेम दीड टक्का मतं आणि ७ जागा!

इथवर ऐकून लोक म्हणतात, "म्हणजे हरलेच ना?" मग मी घटस्फोटाची गोष्ट सांगते.

१९७० पर्यंत इटलीत घटस्फोटाचा कायदाच नव्हता. नवरा वर्षानुवर्षं परागंदा असला तरी बाई त्याचीच बायको. लिबरल पक्षातून फुटून १९५५ साली निघालेल्या चिमुकल्या रॅडिकल पक्षाने हा प्रश्न रस्त्यावर आणला. संसदेत कायदा आणला तो समाजवादी फोर्तुना आणि लिबरल बास्लिनी यांनी. तो रद्द व्हावा म्हणून १९७४ मध्ये सार्वमत झालं. चर्च आणि सत्ताधारी ख्रिश्चन डेमोक्रॅट एका बाजूला होते. रॅडिकलांचा तेव्हा संसदेत एकही खासदार नव्हता. तरी ५९ टक्क्यांहून जास्त लोकांनी 'रद्द करू नका' म्हणून मत दिलं. पक्षाला मत न देणाऱ्या लाखो लोकांनी त्याचं म्हणणं उचलून धरलं. मला हे फार मोठं वाटतं.

रॅडिकलांचं सगळंच मला पटत नाही. १९९४ मध्ये त्यांचे नेते मार्को पानेल्ला उजव्या बर्लुस्कोनीच्या आघाडीत गेले, ते आजही खुपतं.

पण मे १९७८ मधलं एक दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. सरकारी दूरचित्रवाणी पुढच्या सार्वमतांची माहितीच लोकांना देत नव्हती. रॅडिकलांना प्रचारासाठी ठरावीक वेळ मिळाला. पानेल्ला, एम्मा बोनिनो आणि त्यांचे सोबती कॅमेऱ्यासमोर येऊन बसले, तोंडाला फडकी बांधून. वेळ संपेपर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही. घराघरांत लोक ती शांतता बघत बसले होते. त्याच पक्षाने पुढे चिन्ह म्हणून गांधीजींचा चेहरा घेतला, अनेक भाषांतल्या आपल्याच नावाच्या अक्षरांतून रेखलेला.