जॅकवेलची पेअर

गोदाकाठच्या एका साखर कारखान्याचं जुनं टेलिफोन एक्स्चेंज काढून नेटवर्कवर चालणारे आयपी फोन बसवायचं काम आम्हाला मिळालं. गाळप चालू असताना कारखान्यात कुणी वायरीला हात लावू देत नाही, म्हणून आमचा हंगाम मे-जूनचा, म्हणजे नेमका वळवाचा आणि मिरगाच्या विजांचा.

नवीन फोन लावणं सोपं असतं. स्विच ठेवा, कॅट-सिक्स केबल ओढा, फोनला पॉवरही त्याच वायरीतून. जीव जातो जुनं समजून घेण्यात. ऑफिसनं दिलेली एक्स्टेंशनची यादी एक्सेलमध्ये सुबक होती, पण एमडीएफशी, म्हणजे सगळ्या लाईनी जिथं येऊन जोडतात त्या फ्रेमशी, तिचा काही मेळ नव्हता. येईल त्यानं नवा जंपर (जोडतार) टाकलेला, जुना कुणीच काढलेला नाही. जेली केबलमधल्या (जुन्या टेलिफोन केबलमधल्या) तारांचा रंगक्रम (पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, जोडीला निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी) पाठ असलेली पोरं आता मिळत नाहीत. माझा हेल्पर राउटर झटक्यात लावतो, पण तार खाचेत दाबून कापायचं क्रोन टूल उलटं धरून नेमकी चालू बाजूची तार कापतो.

यादीत नसलेल्या एका पेअरवर (तारांच्या जोडीवर) मी टेस्ट फोन लावला. ४८ व्होल्ट, डायल टोन स्वच्छ. ही कुठं जाते म्हणून हेल्परला विचारतोय तोवर पलीकडं कुणीतरी रिसीव्हर उचलला.

"कोण बोलायलंय?"

"एक्स्चेंजमधून. तुम्ही?"

"जॅकवेलवरून वो. लाईन काढू नका बरं, पाण्याची लेव्हल सांगायचीय."

जॅकवेल म्हणजे पाणी उपसायची पंपाची विहीर, नदीवर, कारखान्यापासून तीनेक किलोमीटर. आमच्या कामाच्या कागदात तिचं नावही नाही. खरेदीच्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, "त्यायला मोबाईल हाय की."

मी तिथं जाऊन आलो. पंपाचा मजला विहिरीत खाली आहे. तिथं मोबाईलला रेंज नाही, आणि मोटार चालू झाली की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. फोनला समांतर एक मोठी लोखंडी घंटा जोडलेली आहे. एक्स्चेंज रिंगसाठी ७५ व्होल्टच्या आसपास एसी पाठवतं, त्यावर ती बडवते आणि मोटारीच्या आवाजातही वर ऐकू येते. ज्यानं ही बसवली त्याला मी मानलं. आयपी फोनची किणकिण त्या विहिरीत काय कामाची?

बरं, नेटवर्कची तांब्याची वायर १०० मीटरच्या पुढं चालत नाही. फायबर टाकायचं तर तीन किलोमीटर खोदाई, आणि टोकाला वीज लागणारच. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याचा लूप (जाणारी-येणारी तार मिळून) मात्र किलोमीटरला पावणेदोनशे ओहम. तीन किलोमीटरला सव्वापाचशे. जुन्या एक्स्चेंजच्या कार्डाला ते काहीच नाही. स्वस्तातले गेटवे (जुना फोन नव्या यंत्रणेला जोडणारे डबे) टेबलाशेजारचा फोन वाजवायला बनवलेले असतात, एवढ्या लांब ती जड घंटा ते हलवतील याची हमी मी देणार नाही. नव्या यंत्रणेला लावायचं लांब लूपचं कार्ड मिळतं. मी कोटेशनमध्ये घातलंही. सल्लागारानं पुण्यात बसून ती ओळ खोडली.

त्याच आठवड्यात संध्याकाळी वावटळ उठली, विजा सुरू झाल्या आणि लाईट गेली. केन ऑफिसच्या स्विचला यूपीएस नाही (तीही ओळ खोडलेलीच), तिकडचे नवेकोरे फोन एका क्षणात गप्प. जुनं एक्स्चेंज चार बॅटऱ्यांवर चालू राहिलं. त्याच्या पेअरमधूनच फोनला करंट जातो, पलीकडं बोर्ड-प्लग काही लागत नाही. जॅकवेलची रिंग आली. कुणीच उचलेना म्हणून मी घेतली.

"लाईट कवा येईल वो? रात्री कॉलनीचं पाणी सोडायचंय."

मला काय माहीत! सबस्टेशनचा नंबर कुणाकडं असतो ते त्यालाच विचारून मी माझ्या मोबाईलवरून लावून दिला.

आता नवी यंत्रणा चालू आहे, लोक खूष आहेत. गेट, काटा, लॅब सगळे त्यावर. कपाटाएवढं जुनं एक्स्चेंज फक्त एका फोनसाठी जागं आहे आणि त्याच्या बॅटऱ्या फार काळ टिकायच्या नाहीत. भंगारवाला दोनदा बघून गेला. लांब लूपच्या कार्डासाठी मी पुन्हा पत्र दिलंय. पुढच्या बैठकीत बघू म्हणतात. तोवर माझी दहा टक्के रक्कम अडकलीय, कारण बिलातली 'जुनी यंत्रणा काढणे' ही बाब अपूर्ण आहे. काढली तर चेक उद्या मिळतो.