आमची वाटचाल : कुजलेल्या प्लायपासून फोमबोर्डपर्यंत

बोटीची मागची पाटी, जिच्यावर इंजिन बसतं, ती उघडली की आधी वास येतो. बाहेर जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, चकचकीत, आत प्लायचा ओला लगदा. पटाशीही लागत नाही, हातानेच निघतो. तो काढून न कुजणारा गाभा बसवायचा, या कामात मी आणि एक सुतार मिस्त्री भागीदार झालो. जन्मभर रंधा मारलेला माणूस, सुरुवातीला फोमबोर्डला थर्माकोलच म्हणायचा.

दुसऱ्याच वर्षी दुकान बंद व्हायची पाळी आली. तीन बोटींच्या पाटीत आम्ही फायबर मिसळलेला पॉलियुरेथेनचा फोमबोर्ड घातला. वजन घनमीटरला 400 किलोच्या आसपास, म्हणजे मरीन प्लायपेक्षा बराच हलका. माल चोख होता, चूक आमची. इंजिनाचे बोल्ट थेट गाभ्यातून आवळले. दाबाने गाभा चेपला, वॉशर आत रुतले, इंजिनं हलायला लागली. तिन्ही बोटी परत आल्या.

त्यात आमच्याच धंद्यातल्या एकाने गावभर केलं, ‘हे फोमवाले माणसं बुडवतील.’ हाच गृहस्थ कुजक्या प्लायवर पुट्टी मारून, रंग देऊन बोट नवी म्हणून द्यायचा. गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. आजही मनातून जात नाही.

त्या तीन बोटमालकांतले एक मासेमारी करणारे काका तेवढे थांबले. म्हणाले, “बोर्ड कुजला नाही ना? मग भोकं नीट करा.”

केली. बोल्टपेक्षा मोठं भोक पाडायचं, त्यात पावडर घालून घट्ट केलेलं इपॉक्सी (कडक होणारं रेझिन) ठासायचं, ते पूर्ण कडक झालं की मधोमध बोल्टच्या मापाचं भोक. आतून वॉशरऐवजी स्टेनलेसची रुंद पट्टी. लाकडातही असंच करा, कारण पाणी शिरतं ते भोकातूनच. लाकडात वीस टक्क्यांवर ओल टिकली की कुजायचा धोका आलाच. आणि कडक झालेल्या इपॉक्सीवर पॉलिस्टर रेझिनचा थर देऊ नका, धड चिकटत नाही. इपॉक्सीवर मेणचट थर आला तर आधी पाण्याने घासून धुवा, मगच सँडिंग.

पुढची वर्षं कामात गेली. मिस्त्री आता थकलेत. त्यांची लाकडी हातोडी माझ्याकडे असते. पाटी ठोकायची, खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तिथे उघडायचं. काका बोट काढतात तेव्हा ती हातोडी मागून घेतात आणि बोल्टच्या भोवती स्वतः ठोकून बघतात.