बुधवारचं विमान मंगळवारी सुटतं

मी लांबच्या, आडबाजूच्या ठिकाणच्या फिशिंग ट्रिप्स प्लॅन करते. लोकांना वाटतं की मासा कुठे लागतो हे माहीत असलं की झालं काम, पण मासा तिथला गाईड दाखवतोच, मला बघायचं असतं की माणूस ठरल्या दिवशी त्या पाण्यात उभा आहे की नाही. एकदा तेच हुकणार होतं आणि चूक माझी होती.

एक काका आणि त्यांची मुलगी. काकांना काचबिंदू, एका डोळ्याने जवळपास काहीच दिसत नव्हतं आणि दुसरा किती वर्षं साथ देईल कोणी सांगू शकत नव्हतं. त्यांना दिसतंय तोवर बोनफिश पकडायचा होता. हा मासा आधी बघावा लागतो मगच फ्लाय, म्हणजे गळाला बांधलेलं खोटं आमिष, टाकायची, पाणी गुडघ्याएवढं, खाली पांढरी वाळू, आणि माशाचे खवले असे आरशासारखे की त्यात आजूबाजूचं पाणीच दिसतं, मासा दिसतच नाही. दिसते ती वाळूवरून सरकणारी त्याची सावली. म्हणून किरीतिमाती निवडलं, पॅसिफिकमधलं प्रचंड मोठं प्रवाळबेट, मैलोन्‌मैल उथळ पाणी. (नाव लिहितात असं पण बोलतात साधारण किरिसमस, ख्रिसमसच तो, त्यांच्या भाषेत ‘ति’चा उच्चार ‘स’ होतो.)

आठवडा मी चंद्र बघून ठरवला. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जोरात ओढतं, काकांना तोल सांभाळणं कठीण गेलं असतं, म्हणून अष्टमीच्या आसपासचा भांगाचा, म्हणजे कमी भरती-ओहोटीचा आठवडा. काटा नसलेले गळ, पोलराइज्ड चष्मे, तिथून पेशंटला विमानाने हलवायचा खर्च देणारा इन्शुरन्स, अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा कारण हवाई बेटांवरच्या होनोलुलूला जाताना पण उतरायचं आणि येताना पण, सगळं झालं. होनोलुलूपर्यंतची तिकिटं मुलीने स्वतःच काढली होती, तिच्याकडे माईल्स साठले होते.

निघायच्या दोन दिवस आधी, शनिवारी दुपारी, सहज म्हणून मी तिच्याकडून तिकिटांची पीडीएफ मागवली, म्हटलं फाईलला असू दे. बघितलं तर होनोलुलूला मंगळवारी रात्री पोचत होते. माझ्या पोटात गोळाच आला.

झालं असं होतं की मी प्लॅनमध्ये ‘किरीतिमाती, बुधवार दुपार’ एवढंच लिहिलं होतं. मुलीने नकाशा बघितला, जेमतेम तीन तासांचं विमान, दोन्हीकडे घड्याळात वेळ पण एकच, म्हणजे मंगळवारी रात्री पोचलं की बुधवारी सकाळी विमान. पण तारीख एक नाही ना! किरीतिमाती ज्या देशाचं आहे त्या किरिबातीने १९९५ च्या सुरुवातीला आपली पूर्वेकडची बेटं वाररेषेच्या, म्हणजे जिथे तारीख बदलते त्या रेषेच्या, अलीकडे घेतली, सगळ्या देशाचा वार एक असावा म्हणून. तेव्हापासून होनोलुलू आणि किरीतिमातीत बरोबर २४ तासांचा फरक आहे. तिथे बुधवारी उतरणारं विमान होनोलुलूहून मंगळवारी सुटतं. आणि विमान आठवड्यातून एकच. हे गेलं असतं तर पुढच्या आठवड्यात उधाण होतं आणि तिच्या रजाही संपल्या होत्या.

मी लगेच फोन लावला आणि पहिल्यांदा हेच सांगितलं की वार लिहिताना चूक माझ्याकडून झालीय. ती काही क्षण गप्प होती, मग म्हणाली, “ताई, आता काय करायचं ते सांगा.” पुढचे पाच तास मी खुर्चीवरून उठले नाही. एक दिवस आधीच्या विमानात एकच सीट होती, ती काकांना दिली, एअरलाइनला सांगून सोबत मदतनीस मागितला, मुलीला दोन थांबे घेऊन दुसऱ्या मार्गाने पाठवलं, ती किरीतिमातीचं विमान सुटायच्या चार तास आधी उतरणार होती. एक विमान लेट झालं असतं तर काका एकटेच गेले असते. ते तयार होते, म्हणाले, “मी जातो, ती येईल मागून.” मंगळवारी रात्री मुलीचा मेसेज आला, ‘भेटलो’, तोपर्यंत मला झोप नव्हती.

आता माझ्या प्रत्येक प्लॅनमध्ये सुटायची आणि पोचायची तारीख त्या-त्या गावाच्या नावासकट असते, आणि तिकिटं कोणीही काढलेली असोत, महिनाभर आधी मी स्वतः बघते.

पुढचे सात दिवस काही खबर नाही. मग होनोलुलूहून काकांचा फोन, बुधवारी निघून ते मंगळवारी पोचले होते. म्हणाले, पहिले दोन दिवस मला नुसतं पाणीच दिसत होतं गं, तिसऱ्या दिवशी सकाळी डाव्या बाजूला सावली हलली, आणि गाईडने बोट दाखवायच्या आधी मला दिसली.