शून्य पूर्णांक आठ

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

आज सकाळी एका संस्थेच्या इंटिग्रेटेड पीएचडीच्या (एमएस्सी आणि पीएचडी एकत्र) फॉर्मने दारातूनच परत पाठवलं. बीएस्सीचे टक्के ५४.२ भरले आणि चौकट लाल झाली. किमान ५५ हवेत. ०.८ टक्के! लॅबमध्ये एवढा फरक आम्ही ‘एक्सपेरिमेंटल एरर’ म्हणून सोडून द्यायचो.

जॅम, म्हणजे त्यासाठीची प्रवेश परीक्षा, बरी गेली होती. ६० प्रश्न, १०० गुण, तीन तास. एमसीक्यू चुकला की एक तृतीयांश गुण कापतात, म्हणून आधी आकड्यात उत्तर भरायचे २० प्रश्न उरकले, तिथे निगेटिव्ह नसतं. स्क्रीनवरच्या त्या कॅल्क्युलेटरवर माउसने एकेक आकडा टिचकवताना जीव मेटाकुटीला आला, पण रँक आली. ती बघून वाटलं होतं, आता जुनी मार्कशीट कोण काढतंय? सगळेच काढतात. पुढे प्राध्यापकी-फेलोशिपच्या नेट परीक्षेलासुद्धा ५५ची अट आहेच, पण ती एमएस्सीच्या टक्क्यांना. म्हणजे बीएस्सीचं पाप तिथवर पोचत नाही. तेवढाच दिलासा.

दुसऱ्या एका ठिकाणी टक्क्यांची अट नाही, पण ५०० शब्दांत स्वतःबद्दल लिहून मागितलंय. मैत्रीण म्हणाली, घरच्या अडचणी लिही, सगळे तेच लिहितात. माझे मार्क घसरले त्या वर्षी बाबांना डेंग्यू झाला होता खरा. पण तो दिवाळीत, आणि माझा पेपर एप्रिलमध्ये. बाबांचा डेंग्यू सहा महिने कसा ताणू?

खरं कारण आहे नाटक. कॉलेजांच्या स्पर्धा, आधी पुरुषोत्तम, मग फिरोदिया. वर्षभर मी रंगमंचाचे दिवे कमीजास्त करायच्या डिमरच्या मागे बसलेली. मग एक झकास वाक्य सुचलं: ‘प्रकाशयोजना करता करता प्रकाशाच्या शास्त्राची गोडी लागली.’ दोनदा वाचलं आणि खोडलं. नापास होऊन केटी नेमकी ऑप्टिक्सलाच, म्हणजे प्रकाशाच्याच पेपरला, लागली होती.

दुपारी शिफारसपत्रासाठी कॉलेजला गेले. आईने मार्कशीट लॅमिनेट करून ठेवलीय, सरांनी ती उजेडात तिरकी धरून वाचली. माझी नजर जमिनीवर.

“पत्र देतो गं. पण हुशार विद्यार्थिनी वगैरे लिहिणार नाही. मार्क त्यांच्यासमोर असणारच आहेत.”

“हो सर.”

“न्यूटन्स रिंग्जचं आठवतंय का?”

प्रकाशाच्या कड्या मायक्रोस्कोपखाली मोजायचा तो प्रयोग. मला आठवत नव्हतं. त्यांना होतं. सगळ्या बॅचने सीनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवली आणि चारला घरी गेली. माझा ग्राफ सरळ येईना, म्हणून मी सोडियम लॅम्पसमोर सहापर्यंत कड्या मोजत बसले होते. लॅब असिस्टंट काका किल्ल्या वाजवत दारात उभे. शेवटी सापडलं, मायक्रोस्कोपचा स्क्रू मी दर वेळी उलट फिरवून मागे आणत होते, त्यामुळे बॅकलॅशची, म्हणजे स्क्रूच्या ढिलाईची, चूक येत होती.

“हेच लिहितो,” सर म्हणाले. “लिहिण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे.”

बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला. वाईट वाटावं की बरं, ठरेना. तीन वर्षांतली एक संध्याकाळ! तीही मी विसरलेली. उरलेल्या संध्याकाळी कुठे होते ते मला पक्कं माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांचा पश्चात्तापही होत नाही. हे मात्र फॉर्ममध्ये लिहायचं नाही, एवढी अक्कल आलीय.

आईचा साताऱ्याहून फोन आला. “झालं का फॉर्मचं?” म्हटलं, होतंय. ०.८चं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, जाऊन विनंती कर, माणसंच आहेत ती. तिला लाल चौकट कशी समजावू?

आता लॅपटॉप उघडून बसलेय. पहिलं वाक्य लिहिलं: ‘चौथ्या सेमिस्टरला ऑप्टिक्समध्ये केटी लागली, कारण मी अभ्यास केला नव्हता.’

दहा शब्द झाले. ४९० राहिले.